धागा: खाऱ्या वाऱ्याचं वेळापत्रक महिन्यागणिक का बदलतं?

हर्णैचा_भाचा | १२ ऑक्टोबर, रा. १०:४०

मंडळी, आठवडाभर कोकणात हर्णैला आजोळी होतो. पाऊस गेलेला, आभाळ स्वच्छ आणि उकाडा असा की ओटीवर पाठ टेकवेना. दुपारी साडेबाराला मामीने पानं वाढली तेव्हा माडाची एक झावळी हलत नव्हती. मामा म्हणाला, "जेव निवांत, दीडला वारा येतो." दीडला नाही, पावणेदोनला आला. आधी माडांचे शेंडे हलले, मग अंगणातले कपडे, मग आम्ही.

शाळेत आपण सगळेच शिकलो. दिवसा जमीन लवकर तापते म्हणून समुद्राकडून खारे वारे, रात्री जमीन लवकर निवते म्हणून जमिनीकडून मतलई वारे. एक सूर्य, एक चंद्र, दोन बाण, दोन गुण. पण त्या आकृतीत महिना कुठेच नव्हता! मे महिन्यात याच ओटीवर दहा-साडेदहालाच वारा सुरू होतो आणि दिवेलागणीनंतरही थांबत नाही. जानेवारीत पहाटे डोंगराकडून असा गार वारा उतरतो की आजी अंगणात शेकोटी पेटवायची. आणि पावसाळ्यात चोवीस तास पश्चिमेकडूनच. तेव्हा रात्रीचा मतलई जातो कुठे? दिवस-रात्र तर बाराही महिने होतात.

मामाला विचारलं तर म्हणाला, "वाऱ्याला आणि जावयाला वेळ विचारू नये." म्हणून इथे विचारतोय.

---

भूगोल_मास्तर | १२ ऑक्टोबर, रा. ११:२५

तेहतीस वर्षं ती दोन बाणांची आकृती फळ्यावर काढली आहे, त्यामुळे पहिला दगड मीच झेलतो.

आकृती चूक नाही, अपुरी आहे. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला एक किलो कोरड्या वाळूच्या साधारण पाचपट उष्णता लागते. शिवाय ऊन पाण्यात खोलवर शिरतं, लाटा ते पाणी ढवळत राहतात आणि बरीच उष्णता बाष्पीभवनात जाते. म्हणून समुद्राचं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. वाळूचा मात्र दुपारी तवा होतो आणि पहाटे त्याच वाळूवर पाय गार पडतात. म्हणजे या खेळात समुद्र जागेवर बसून असतो, धावपळ सगळी जमिनीची.

आता महिना आणा. ऊन किती, आभाळात ढग किती, जमीन ओली की कोरडी, रात्र किती लांब, हे सगळं ऋतूप्रमाणे बदलतं. म्हणून जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातला फरकही बदलतो आणि वाऱ्याचा जोर व वेळही. जुलैत ढगांचं झाकण असतं. जमीन दुपारी तापत नाही, रात्री निवत नाही. फरकच नाही तर वारा कशाचा?

---

दाबमापक | १३ ऑक्टोबर, स. ७:५०

मास्तरांचं उत्तर बरोबर, पण ते निम्मं आहे. नुसता फरक संपला असता तर जुलैत वारा पडायला हवा होता. प्रत्यक्षात तर तेव्हा छत्री उलटी होते.

किनाऱ्यावर आपल्याला जो वारा लागतो तो एक नसतो, दोन वाऱ्यांची बेरीज असते. एक छोटा, रोजचा, स्थानिक: खारा आणि मतलई. त्याची उंची काहीशे मीटर, फार तर किलोमीटरभर, आणि आत शिरकाव काही दहा किलोमीटरांचा. दुसरा मोठा, ऋतूचा, जो अख्ख्या अरबी समुद्रावर आणि दख्खनवर एकाच वेळी वाहतो. त्याला घड्याळ कळत नाही, तो महिने-महिने एकाच रोखाने असतो. मोठा वारा छोट्याच्या बाजूने असला तर बेरीज, विरुद्ध असला तर वजाबाकी.

कोकणापुरता हिशोब असा. जून ते सप्टेंबर मोठा वारा पश्चिम-नैऋत्येकडून आणि दणकट. छोटा त्याच्यासमोर नगण्य, त्यात मास्तर म्हणतात तसा ढगांमुळे आधीच अशक्त. म्हणून मतलई "गायब". ऑक्टोबरात मोसमी वारा परततो आणि मोठा वारा पूर्वेकडचा होतो. तो आता खाऱ्या वाऱ्याला समुद्रातच अडवून धरतो. जमीन पुरेशी तापून खारा त्याच्यावर मात करेपर्यंत पावणेदोन वाजतात. मामांनी दीड सांगितलं, पंधरा मिनिटांची चूक माफ. मार्चनंतर मोठा वारा हळूहळू वायव्येकडून येऊ लागतो. आता दोघांचं जमतं, खाऱ्याला अडवणारं कुणी नाही, म्हणून मे महिन्यात तो दहालाच हजर.

---

बांगडो | १३ ऑक्टोबर, स. ८:३०

खंयचो वारो आणि खंय चललो धागो! चा घेऊन बसलंय, चलूंदे.

---

वरसोलीचा_नाखवा | १३ ऑक्टोबर, दु. १२:१५

दाबमापक साहेब, बेरीज-वजाबाकी आवडली. आमच्याकडे हा हिशोब डिझेल येण्याआधीपासूनचा आहे.

माझ्या आज्याची शिडाची होडी होती. हिवाळ्यात पहाटे तीन-चारला मतलईवर शीड उभारायचं, तो वारा होडी आपसूक बाहेर घेऊन जातो. नऊ-दहाला वारा पडतो. ना इकडचा, ना तिकडचा, पाणी तेलासारखं. त्या वेळात जाळी ओढायची. दुपारी खारा उठला की त्याच्यावर घरी. जायचं भाडं नाही, यायचं भाडं नाही. गलबतवालेसुद्धा असेच चालायचे. उत्तरेकडे जायचं असेल तर वायव्येचा वारा तोंडावर, सरळ जाता येत नाही. मग पहाटे मतलईवर बाहेर तिरकं सुटायचं आणि दुपारच्या वाऱ्यावर तिरकंच किनाऱ्याकडे यायचं. नागमोडी नागमोडी करत मुंबई.

हे सगळं नारळी पौर्णिमेनंतर, वारा मऊ पडल्यावर. आता सरकारची मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै असते, पण आमच्यातले जुने अजून नारळ दिल्याशिवाय होडी लोटत नाहीत. बंदी माशांच्या विणीसाठी आहे हे खरं, पण बंदी नसती तरी आज्या जूनमध्ये गेला नसता. बाहेर नेणारा वाराच नाही, सगळा किनाऱ्यावर आपटणारा.

---

हर्णैचा_भाचा | १३ ऑक्टोबर, दु. १:४०

नाखवा, ही माहिती सोन्यासारखी आहे. 'मतलई' शब्दाचं मूळ कुणाला ठाऊक आहे का? मला लहानपणी तो 'मतलबी वारे' असाच ऐकू यायचा.

---

शब्दखोर | १३ ऑक्टोबर, दु. ३:०५

अरबीत 'मतला' म्हणजे उगवण्याची जागा. गझलेचा पहिला शेर म्हणजे मतला, तोही याच धातूतला. आपल्या किनाऱ्यावर सूर्य डोंगराकडून उगवतो आणि मतलईही तिकडूनच येतो. अरब दर्यावर्दींची ये-जा पाहता मला हा शब्द तिथूनच आलेला वाटतो. 'मोसम' तर अरबीच: ठरावीक वेळ, हंगाम. त्याचाच युरोपात मान्सून झाला आणि शिकून-सवरून आपल्याकडे परत आला.

---

कोपरखळी | १३ ऑक्टोबर, सायं. ६:२०

एवढी बेरीज-वजाबाकी कशाला? मोसमी वारा म्हणजेच मोठा खारा वारा. एक दिवस म्हणजे वर्ष, दुपार म्हणजे उन्हाळा, भारत म्हणजे हर्णै. संपला धागा.

---

दाबमापक | १३ ऑक्टोबर, रा. ९:१०

कोपरखळी, तुमच्या बाजूने मोठं नाव आहे. एडमंड हॅले, तोच धूमकेतूवाला, त्याने १६८६ साली व्यापारी आणि मोसमी वाऱ्यांचा नकाशा छापला आणि कारण म्हणून सूर्याने जमीन-समुद्र कमी-जास्त तापणं हेच दिलं. म्हणजे तुम्ही साडेतीनशे वर्षं जुन्या आणि चांगल्या संगतीत आहात.

पण एक अडचण बघा. खारा वारा जमीन सर्वांत तापते त्या सुमाराला भरात असतो. मग मोसमी वारा मे महिन्यात भरात यायला हवा, कारण भारताची जमीन सर्वांत जास्त मे महिन्यात तापते. पाऊस आला की ती चांगलीच निवते. तरीही वारा जोरात कधी? जून-जुलैत. तवा गार झाल्यावर भाकरी फुगतेय, हे कसं?

याचं कारण असं की पाऊस सुरू झाल्यावर इंजीन बदलतं. वाफेचं पाणी होताना जी उष्णता सुटते ती कित्येक किलोमीटर उंचीवर हवा तापवते आणि तीच आणखी वारा ओढून घेते. शिवाय मुळात हा वारा इथे जन्मत नाही. दक्षिण गोलार्धात मादागास्करच्या पूर्वेला मस्कारीन बेटांच्या बाजूला उच्च दाब असतो. तिथून आग्नेयेकडचे व्यापारी वारे निघतात, विषुववृत्त ओलांडल्यावर पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात आणि नैऋत्य होतात. सोमालियाच्या किनाऱ्याजवळ साधारण दीड किलोमीटर उंचीवर त्यांचा एक अरुंद, वेगवान झोत बनतो. तो झोत जे. फिंडलेटर यांनी १९६० च्या दशकात मांडला. म्हणून मी त्याला मोठा खारा वारा म्हणत नाही. नात्यातला म्हणा, पण चुलत.

---

कोपरखळी | १३ ऑक्टोबर, रा. ९:३२

भाकरी मान्य. धागा चालू द्या.

---

गिरगाव_टू_मॉरिशस | १४ ऑक्टोबर, स. १०:००

अवांतर, पण राहवत नाही. मस्कारीन बेटं म्हणजे मॉरिशस आणि शेजार. एकोणिसाव्या शतकात आपल्या कोकणातले मजूर ऊसमळ्यांवर गेले आणि त्यांची पणतवंडं आजही तिथे स्वतःला मराठी म्हणवतात, गणपती बसवतात. मी तिथे दोन वर्षं कामाला होतो. जुलैत तिथे हिवाळा, आणि आग्नेयेचा वारा सतत. शेजारच्या काकूंना मी म्हणायचो, हाच वारा पुढे रत्नागिरीत पाऊस घेऊन जातो. त्यांना ते फार आवडलं होतं.

---

मायलापूरकर | १४ ऑक्टोबर, दु. १२:३०

चेन्नईत बावीस वर्षं झाली. इथे तुमचा हिशोब आरशातल्यासारखा उलटा आहे. समुद्र पूर्वेला, म्हणजे जून-जुलैत मोसमी वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, घाट ओलांडून कोरडा झालेला. मे-जूनमध्ये हा पश्चिमेचा वारा जोरात असला की समुद्राचा वारा शहरात शिरतच नाही. मे २००३ मध्ये पारा ४५ अंशांवर गेला होता. अकरा-बारापर्यंत समुद्राचा वारा आला तर दिवस सुसह्य, तीन वाजले तर सगळे एकमेकांवर खेकसतात. जुलै-ऑगस्टमध्ये कधीकधी हे दोन वारे शहरावरच भिडतात आणि संध्याकाळी गडगडाटासह पाऊस. म्हणजे तुमच्याकडे पावसाळ्यात निकामी असलेला छोटा वारा आमच्याकडे तेव्हाच पाऊस पाडतो. आणि ऑक्टोबरनंतर, तुमचा खारा वारा अडकून पडतो तेव्हा, आमच्याकडे ईशान्येचा मोठा वारा समुद्रावरून येतो.

---

दाबमापक | १४ ऑक्टोबर, दु. १:१५

मायलापूरकर, याहून चांगला पुरावा मीही दिला नसता. मोठा वारा तोच, फक्त किनाऱ्याचं तोंड दुसरीकडे.

---

हर्णैचा_भाचा | १५ ऑक्टोबर, रा. ८:१५

सर्वांचे आभार. मी एक उद्योग केलाय. मामाच्या जुन्या अँटेनाच्या खांबाला नायलॉनची दोरी आणि टोकाला लाल रिबन बांधून आलोय. मामेबहीण दहावीत आहे, ती जमेल तशी वेळ आणि दिशा वहीत टिपणार आहे. मोबदला म्हणून एक हेडफोन ठरलाय.

---

हर्णैचा_भाचा | ९ जानेवारी, रा. ९:४५

धागा वर काढतोय. वही आली!

नोव्हेंबर-डिसेंबरात खारा वारा साधारण एक ते दोनच्या दरम्यान. जानेवारीत रात्री नऊ-दहापासून रिबन समुद्राकडे, म्हणजे मतलई, आणि तो सकाळी दहापर्यंत टिकतो. दोन गोष्टी मात्र कळल्या नाहीत.

एक: दुपारी वारा येतो तो थेट पश्चिमेकडून. पण पाच-सहा वाजेपर्यंत रिबन सरकत जाते आणि वारा वायव्येकडून, कधी जवळजवळ उत्तरेकडून येतो. रोज. बहिणीला वाटलं खांब फिरतोय, तिने मामाला वर चढवून खिळा मारून घेतला.

दोन: मतलई हिवाळ्यातच एवढा दणकट का? एप्रिल-मेमध्ये दिवस जास्त तापतो, मग रात्री निवतोही जास्त, असं नको का?

---

भूगोल_मास्तर | १० जानेवारी, स. ६:५५

खांब फिरत नाही, पृथ्वी फिरते. उत्तर गोलार्धात वाहणारी कुठलीही गोष्ट उजवीकडे ढकलली जाते. वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे चाललाय, त्याचा उजवा हात दक्षिणेला. चार-पाच तास सतत तो थोडा थोडा दक्षिणेकडे झुकत गेला की आपल्याला तो वायव्येकडून आल्यासारखा लागतो. दुपारी ताजा वारा असताना हा परिणाम दिसत नाही, त्याला वेळ लागतो. पृथ्वीच्या फिरण्याने वारा असा वळण्याला कोरिओलिस परिणाम म्हणतात; तुमच्या बहिणीने नकळत त्याचाच प्रयोग केला. हेडफोनवर भागवू नका.

दुसऱ्याचं उत्तर: रात्री जमीन किती निवते हे दिवसा किती तापली यापेक्षा आभाळ किती कोरडं यावर जास्त अवलंबून असतं. मे महिन्यात हवेत बाष्प ठासून असतं, ते जमिनीची उष्णता वर जाऊ देत नाही. पहाटेसुद्धा जमिनीचं तापमान सव्वीस-सत्तावीसच्या खाली येत नाही, समुद्र तीसच्या आसपास. फरक जेमतेम. जानेवारीत हवा कोरडी, रात्र लांब, हर्णैची जमीन पहाटे सोळा-सतराला, समुद्र अजून पंचवीस-सव्वीसला. नऊ-दहा अंशांचा फरक. त्यात मोठा वाराही पूर्वेकडचा, आणि सह्याद्रीच्या उतारावरून रात्री गार, जड हवा आपोआप खाली घरंगळते. तिघं मिळून ढकलतात.

---

कलमवाला | १० जानेवारी, स. ११:२०

रत्नागिरीकडे पावस गावाजवळ आंब्याची बाग आहे. आम्ही या वाऱ्याची वाट पाहतो. पहाटेचा गार मतलई नीट वाहायला लागला, थंडी टिकली, की मोहोर फुटतो. पण नंतर ढगाळ झालं, दमट वारा लागला की तुडतुडे (कीड) आणि भुरी (बुरशी). मोहोर काळा पडतो. मग फवारण्या, मग उधारी. बाजारात हापूसची पेटी महाग झाली की लोक दलालाला शिव्या देतात (तेही चुकत नाहीत), पण निम्मा भाव वाऱ्याने ठरवलेला असतो.

---

आगर_पेण | १० जानेवारी, दु. ४:४०

आमच्या मिठागरांचंही तसंच. पाऊस गेल्यावर बांध दुरुस्त करायचे, भरतीचं पाणी घ्यायचं आणि हिवाळा-उन्हाळाभर ऊन आणि वाऱ्याने ते आटवायचं. नुसत्या उन्हाने भागत नाही. पाण्यावर बसलेली ओली हवा वाऱ्याने उडवून न्यायला हवी. पूर्वेचा कोरडा वारा असला तर मीठ झपाट्याने धरतं, दुपारचा खारा दमट असला तरी वाहता तरी असतो. वारा पडला की कोंडीत पाणी नुसतं तापत बसतं. मे अखेर पहिल्या सरीआधी ढीग शाकारून घ्यायचे. घर शाकारण्याआधी मीठ, असा आमच्याकडचा क्रम.

---

दादरचा_घामट | १३ मार्च, दु. ३:१०

हा धागा शोधतच आलो. आज मुंबईत काय चाललंय? पूर्वेचा वारा आहे, जोरात आहे, तरी भट्टीसारखा! जानेवारीत हाच पूर्वेचा वारा गार लागत होता ना? एकाच दिशेचा वारा पहाटे गार आणि दुपारी चटका, हा काय प्रकार?

---

दाबमापक | १३ मार्च, सायं. ५:००

घामट, फार चांगला प्रश्न. पहाटेचा पूर्ववारा म्हणजे रात्रभर जमिनीलगत निवलेल्या हवेचा पातळ थर. तो उथळ असतो, म्हणून गार. दुपारचा पूर्ववारा वेगळा. तो दख्खनच्या पठारावर उन्हात भाजलेला असतो, आणि मग घाट उतरतो. हवा खाली येताना दाबली जाते आणि दर १०० मीटरला साधारण एका अंशाने तापते. पठार सहाशे मीटर उंच धरा. तिथे ३४ अंशांची कोरडी हवा खाली उतरली की गणिताने ४०. सायकलच्या पंपाचं खालचं टोक गरम होतं, तेच.

रोज असं होत नाही, कारण रोज खारा वारा साडेअकरा-बारापर्यंत येऊन पारा तिथेच रोखतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये मोठा वारा अजून पूर्वेचा, पण सूर्य मात्र उन्हाळ्याचा. ज्या दिवशी पूर्ववारा जोरात असतो त्या दिवशी खारा दोन-तीनपर्यंत येत नाही आणि तेवढ्या दोन तासांत पारा चाळिशीला टेकतो. मुंबईतल्या सांताक्रूझ वेधशाळेचा मार्चमधला जुना उच्चांक ४१.७ अंश आहे, २८ मार्च १९५६ चा. मे महिन्यात मात्र सरासरी कमाल तापमान तेहतीस-चौतीसच्या आसपास, कारण वारा वेळेवर येतो. मुंबईत "आज किती तापणार" याचं उत्तर सूर्याला कमी आणि "वारा किती वाजता फिरणार" याला जास्त विचारावं.

कुलाबा आणि सांताक्रूझच्या आकड्यांत अशा दिवशी जो फरक पडतो, तोही यामुळेच. कुलाब्याला तिन्ही बाजूंनी पाणी आहे.

---

पर्थनिवासी | १४ मार्च, स. ९:३०

हे वाचून हसू आलं. आमच्या पर्थमध्ये या वाऱ्याला चक्क डॉक्टर म्हणतात: फ्रीमँटल डॉक्टर! किनारा पश्चिमेलाच, कोकणासारखा. उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी. सकाळी वाळवंटाकडून पूर्ववारा, दुपारी समुद्राकडून डॉक्टर. पूर्ववारा जोरात असला की डॉक्टर उशिरा येतात किंवा येतच नाहीत, आणि मग चाळिशी पार. फरक एवढाच की दक्षिण गोलार्धात वारा डावीकडे वळतो, म्हणून आमचा डॉक्टर नैऋत्येकडून येतो. हिवाळ्यात डॉक्टर रजेवर, तेव्हा पश्चिमेकडून पावसाळी वादळं येतात. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "तुझा डॉक्टरही अपॉइंटमेंट पाळत नाही तर."

---

बांगडो | १४ मार्च, स. ९:४५

आमच्या डॉक्टराक खारो म्हणतत. फी नाय.

---

वरसोलीचा_नाखवा | २ मे, रा. ८:००

एक भर टाकतो. फेब्रुवारी ते मे आमच्याकडे सकाळी समुद्र वेगळा आणि दुपारी वेगळा. सकाळी लांबून येणारी संथ, लांब लाट. दुपारी वायव्येचा वारा लागला की वरून बारीक, आखूड, चावरी लाट. होडी उत्तरेला घातली की फडाफड फडाफड, डिझेल जास्त जळतं. कधी वारा नसतानाही उत्तरेकडून लाट येते. ती कुठून?

---

दाबमापक | ३ मे, स. ८:२०

त्यातली बरीचशी इराणच्या आखाताकडून. तिकडे शमाल नावाचा वायव्य वारा सुटतो, त्याने उठवलेली लाट अरबी समुद्र पार करून आपल्या किनाऱ्याला येते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी यावर आणि खाऱ्या वाऱ्याने दुपारी वाढणाऱ्या लाटांवर बरंच काम केलं आहे. नाखवा, तुमची "चावरी लाट" त्यांच्या आलेखात दुपारनंतर अगदी नेमाने वर चढलेली दिसते.

---

हर्णैचा_भाचा | १६ जून, रा. १०:१०

शेवटचा अहवाल.

एप्रिलमध्ये वारा साडेदहा-अकराला, मेच्या मध्यावर दहालाच. मे अखेर रिबन रात्रीसुद्धा जमिनीकडेच. बहिणीने लिहिलंय, "मतलई: आज पण नाही. काल पण नाही." मामीने आमसुलं आणि पापडाची वाळवणं आत घेतली, ओटीच्या पश्चिम अंगाला झापं लावून झाली. मी विचारलं, पूर्वेला का नाही लावत? मामी म्हणाली, "पूर्वेकडून पाऊस येतो होय रे?" एवढ्या पानांचा धागा काढला आणि उत्तर घराच्या भिंतीवरच टांगलेलं होतं.

बंदरावर धोक्याच्या सूचनेचा तीन नंबरचा बावटा लागला त्या दिवशी दुपारी जोराचा वारा आला आणि दोरी तुटली. रिबन शेजाऱ्यांच्या फणसावर सापडली. वहीत त्या दिवशीची नोंद: "दिशा नै. वेळ: सगळा दिवस."

---

भूगोल_मास्तर | १६ जून, रा. १०:३५

दोरी पुन्हा बांधून घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाला खंड पडतो तेव्हा मोठा वारा ढिला पडतो, दोन-तीन दिवस ऊन येतं. तेव्हा रात्री उशिरा रिबनवर लक्ष ठेवायला सांगा. मतलई कुठे गेलेला नसतो, त्याच्यावर मोठा वारा बसलेला असतो. तो उठला की हा थोडा वेळ डोकावतो.

---

वरसोलीचा_नाखवा | १७ जून, स. ६:३०

नायलॉन नको, सुतळीही नको. जाळ्याची दोरी घे, मी पाठवतो. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

---

हर्णैचा_भाचा | १७ जून, स. ७:०५

केला. बहीण विचारतेय, दोरीसोबत हेडफोनही येणार का. पहिला खारं लागून गंजला.